दहा डिसेंबरला नोकरीत नसलेला माणूस

हुबळीच्या विद्यानगरात एक लॉ कॉलेज आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर नोटीस येईल, आणि त्या कॉलेजात नोटीस लिहिणाऱ्यांना तोटा नाही. तिथं प्रेमानंद बाळाप्पा शिंगे नावाचा अटेंडर आहे. वर्षभर तो फायली इकडून तिकडं नेतो, प्राचार्यांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसतो, झेरॉक्स काढून आणतो आणि बोर्डावर नोटिसा लावतो. वर्षातला एक दिवस मात्र तो आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा रजिस्ट्रार असतो.

थट्टा नाही हो. दहा डिसेंबर, म्हणजे जागतिक मानवी हक्क दिन, या कॉलेजात फार जोरात असतो. सकाळी परिसंवाद, दुपारी मूट कोर्ट. मूट कोर्ट म्हणजे पोरांनी लढवायचा लुटुपुटीचा खटला. दोन काल्पनिक देश, त्यांच्यामध्ये एक काल्पनिक नदी, नाहीतर समुद्रात अडकलेली निर्वासितांची बोट, आणि दोन्ही बाजूंनी काळे कोट घातलेली पोरं 'युवर एक्सलन्सी, युवर एक्सलन्सी' करत भांडतात. हेगच्या कोर्टाची नक्कल असते म्हणे. न्यायाधीश आत येण्याआधी कुणीतरी खणखणीत पुकारा करायचा आणि पुकारा झाल्याशिवाय न्यायाधीशांनी दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही, हा या कॉलेजचा रिवाज. तो पुकारा प्रेमानंद करतो. अंगात काळा गाऊन, छातीवर बिल्ला. "ऑल राइज!" म्हणून त्यानं आवाज टाकला की मागच्या रांगेत मोबाइल बघणारी पोरंसुद्धा ताडकन उभी राहतात.

आवाज बापाचा. बाळाप्पा धारवाडच्या कोर्टात पुकारा करणारे शिपाई होते. त्यांनी हाक मारली की वादी यायचा, प्रतिवादी यायचा, आणि समोरच्या हॉटेलातला भजी तळणारासुद्धा 'काय झालं की' म्हणत दारात येऊन उभा राहायचा. बाळाप्पा सातवी नापास, पण नोकरीत कायम. मुलगा बी.ए., आणि टेंपररी. बाप तालुक्याच्या भांडणांचा पुकारा करून पेन्शन घेऊन गेला, आणि मुलगा दोन-दोन देशांना उभं करतो तरी त्याचं नाव कायमच्या यादीत नाही. यात प्रगती कुणाची झाली, ते तुम्हीच बघा.

इतकी वर्षं ऐकून ऐकून प्रेमानंदला कायदा बऱ्यापैकी कळायला लागला होता. 'जूस कोजेन्स' म्हणजे ज्या नियमातून कुठल्याच देशाला पळवाट नाही असा नियम, हे त्यानं बायकोला, पद्माला, कधीच समजावून सांगितलं होतं. कमरीपेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत चार वाजताचा चहा हा जूस कोजेन्स होता. पद्मा धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात पॅकिंगला. ती म्हणायची, "माझी शिफ्ट असंल तर तुमचा जूस तुम्हीच करून प्या."

पोरं त्याला प्रेमानंदअण्णा म्हणतात. वेळेची पाटी दाखवायचं कामही त्याचंच: पाच मिनिटं, दोन मिनिटं, वेळ संपली. एका वर्षी उत्तरा नावाची मुलगी बोट बुडालेल्या निर्वासितांची बाजू मांडताना मध्येच गप्प झाली. कागद हातातून खाली. प्रेमानंदनं 'वेळ संपली'ची पाटी दीड मिनिट टेबलाखालीच धरून ठेवली. तेवढ्यात पोरगी सावरली आणि ढाल घेऊन गेली. आज ती त्याच कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते, आणि ते दीड मिनिट अजून विसरलेली नाही.

आता गोम सांगतो. प्रेमानंद नोकरीला लागला तो दोन हजार सहाच्या अकरा डिसेंबरला. टेंपररी माणसाची सेवा सलग होऊ द्यायची नाही, वर्षातून एक दिवस तरी तोडायची, असा सल्ला संस्थेला कुणीतरी शहाण्या वकिलानं दिलेला. म्हणून दरवर्षीची ऑर्डर अकरा डिसेंबरला सुरू आणि पुढच्या नऊ डिसेंबरला संपली. मधला दहा डिसेंबर हा खंड. त्यात कुणाचा कट नव्हता हो, तारखा तशा पडल्या. पण झालं असं, की जगातल्या यच्चयावत माणसांना ज्या दिवशी सगळे हक्क आहेत असं भाषणात सांगितलं जातं, नेमक्या त्या दिवशी प्रेमानंदला नोकरी नसायची. आणि वर्षातलं सगळ्यात जास्त काम असायचं तेही त्याच दिवशी. पहाटे बॅनर बांधण्यापासून संध्याकाळी खुर्च्या मोजण्यापर्यंत.

त्याला याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट पहिल्याच वर्षी तो लाजत लाजत प्राचार्यांकडं गेला. जयतीर्थ सर म्हणजे दिलदार माणूस, हसून विचारलं, "काय रे?" हा म्हणाला, "सर, एक सर्टिफिकेट उरलंय, कोण तरी आलं नाही वाटतं. माझं नाव घातलं तर चालंल का?" सरांनी तिथल्या तिथं पेन काढून लिहिलं: श्री. प्रेमानंद शिंगे, परिसंवादात सहभागी. खाली सही, शिक्का, तारीख. तेव्हापासून दरवर्षी एक. कोरोनाच्या वर्षी रिकाम्या हॉलमध्ये लॅपटॉपपुढं उभं राहून त्यानं पुकारा केला. घरी चड्डीवर कोट घालून बसलेली पोरं पडद्यावर उभी राहिली आणि सगळ्यांचंच पितळ उघडं पडलं. त्या वर्षीचं सर्टिफिकेट ई-मेलनं आलं. तेही त्यानं रंगीत झेरॉक्स काढून काच लावून घेतलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली भिंतीवर अशा सतरा फ्रेमा झाल्या. पाहुणे आले की पद्मा सांगायची, "ही आमची शेती."

आणि गेल्या वर्षी, दोन हजार चोवीसच्या पावसाळ्यात, संस्थेनं ठराव केला: अटेंडरची एक जागा कायम भरायची. अट एकच, दहा वर्षांची अखंड सेवा. प्रेमानंदचं वय एक्कावन्न. साठीला रिटायर. ही जागा गेली तर दुसरी निघणार कधी आणि हा कायम होणार कधी? त्यानं अर्ज केला. हेडक्लार्क सुमंत यांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "प्रेमानंद, तुझी सेवा तीनशे चौसष्ट दिवसांच्या वर कधी गेलीच नाही की रे. दरवर्षी तू नवा."

"दहा डिसेंबरला मी इथंच असतो की, साहेब!"

"असतोस. पण नोकरीत नसतोस."

प्रेमानंद खवळला. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यानं उत्तरा मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, "अण्णा, पुरावा आणा. आपल्या वार्षिक अंकात दरवर्षीचा फोटो असतो. बॅनरवर तारीख असते, आणि मागं तुम्ही असता." खरंच होतं. लायब्ररीतले सगळे अंक काढले तर सतरा फोटोंत प्रेमानंद. कधी शालीचं तबक धरलेला, कधी गाऊनमध्ये, कधी पाहुण्यांच्या पाठीमागं पाण्याची बाटली घेऊन अर्धा. कोरोनाच्या वर्षीचा तर पडद्याचा फोटो, तिथंही एका चौकोनात हाच. हक्क दिन होता, बॅनर होता, हा काम करत होता. आणखी काय पाहिजे?

आणखी काय पाहिजे हे प्रेमानंदला माहीत होतं, तिथंच घात झाला. सतरा वर्षं त्यानं पोरांचे वाद ऐकलेले. फोटोपेक्षा दस्तऐवज मोठा, दस्तऐवजापेक्षा सही-शिक्क्याचा दस्तऐवज मोठा, आणि समोरच्या पक्षाच्याच सहीचा असेल तर मग विचारूच नका. त्यानं भिंतीवरच्या सतरा फ्रेमा उतरवल्या. पद्मा म्हणाली, "ओ, फोटो भरपूर झाले की. ही काचेची ओझी कशाला नेताय?" हा म्हणाला, "तुला नाही कळायचं. याच्यावर खुद्द प्राचार्यांची सही आहे." फ्रेमा जुन्या चादरीत बांधून, रिक्षा करून नेल्या. भिंतीवर सतरा पांढरे चौकोन तेवढे राहिले.

त्याच्या अर्जावर चौकशी समिती बसली, तीही मूट कोर्टच्याच हॉलमध्ये. अध्यक्ष जयतीर्थ सर, बाजूला संस्थेचे एक वकील, आणि उत्तरा मॅडम. आत जाताना प्रेमानंदला क्षणभर काय करावं कळेना, कारण या हॉलमध्ये पुकारा न करता तो कधी उभा राहिलाच नव्हता. त्यानं फोटो मांडले, मग एकेक फ्रेम पुसून टेबलावर ठेवली. संस्थेच्या वकिलांनी पहिली फ्रेम वाचली. दुसरी वाचली. मग त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते प्रेमानंदनं मूट जिंकणाऱ्या पोरांच्या तोंडावर कितीदा तरी बघितलं होतं.

निकाल आठवड्यानं मिळाला. होता इंग्रजीत; मराठीत सांगायचं तर असा: "अर्जदार दरवर्षी दहा डिसेंबर रोजी मानवी हक्कांविषयीच्या वैयक्तिक आस्थेपोटी, स्वेच्छेने आणि सहभागी या नात्याने उपस्थित राहत असल्याचे त्यांनी स्वतः सादर केलेल्या सतरा प्रमाणपत्रांवरून सिद्ध होते. सहभागी हा कर्मचारी असू शकत नाही. तबक धरणे हा आस्थेचाच भाग होय. संस्थेला अर्जदाराच्या या आस्थेचा अभिमान वाटतो." खाली दोन सह्या. उत्तरा मॅडमनी एकटीनं तीन पानांचं वेगळं मत लिहिलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयात असं वेगळं मत लिहायची फार मोठी परंपरा आहे. ते निकालाला मागून जोडतात, पोरं परीक्षेत त्याच्यावर लिहितात, आणि होतं ते होतंच.

प्रेमानंद निकाल घेऊन घरी आला आणि भिंतीवरच्या सतरा चौकोनांकडं बघत बसला. जेवला नाही. "माझ्याच हातानं," एवढंच म्हणत राहिला. पद्माला बोलायला तोंड होतं, पण ती टोचून बोलली नाही. चहा करून आणला. चार वाजून गेले होते.

मग म्हणाली, "आमच्याकडं सुट्टीच्या दिवशी सुपरवायझर काम सांगतोय ना, तर आम्ही पोरी हात लावत नाही. आधी चिठ्ठी. अमक्या तारखेला अमकीला कामावर बोलावलंय, सही. चिठ्ठी हातात पडली की मग मशीन. मी पर्मनंट कशी झाले वाटतंय तुम्हाला? तुम्ही इतके देश उभे केलात, एक चिठ्ठी नाही मागितली कधी?"

प्रेमानंदनं तिच्याकडं बघितलं आणि निवत चाललेला चहा एका दमात पिऊन टाकला.

दहा डिसेंबर उजाडला. बॅनरवर लिहिलेलं: 'आंतरराष्ट्रीय कायदा, न्याय आणि मानवी हक्क: आजचे प्रश्न'. बांधणाऱ्यानं ते तिरकं बांधलं होतं, कारण बांधणारा प्रेमानंद नव्हता. तो आला दहा वाजता, लग्नाच्या रिसेप्शनचा सूट घालून. नोंदणीच्या टेबलावर जाऊन नाव लिहिलं, सहभागीचा बिल्ला घेतला, पॅड घेतलं, पेन घेतलं आणि तिसऱ्या रांगेत मधोमध बसला. सकाळची तिन्ही भाषणं त्यानं नीट ऐकून लिहून घेतली. एक युद्धातल्या गुन्ह्यांवर, एक समुद्राच्या वाढत्या पाण्यात बुडणाऱ्या देशांवर, आणि एक राज्यविहीन माणसांवर, म्हणजे जे असतात पण कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतात त्यांच्यावर. तिसऱ्याला त्यानं टाळ्या वाजवल्या. तबक एका पोरीनं धरलं, शाल खाली पडली, पाणी कुणी दिलंच नाही, आणि वक्ते खोकत खोकत मानवी प्रतिष्ठेवर बोलले.

दुपारी मूट कोर्टची फायनल. पहिल्या बाकांवर पोरं कोट नीट करत बसली, हॉल गच्च भरला. दाराआड तीन न्यायाधीश झगे घालून तयार, मधले बेंगळुरूहून आलेले निवृत्त न्यायमूर्ती. सगळे शांत झाले. पुकाऱ्याची वाट बघायला लागले.

पुकारा होईना. एक मिनिट झालं, दोन झाली. दाराच्या फटीतून न्यायमूर्तींचा बूट दिसत होता. तो एकदा पुढं आला, एकदा मागं गेला. एका पोरानं उठून "ऑल राइज" म्हणून बघितलं. आवाज मध्येच फाटला, चारजण उभे राहिले, बाकीचे हसले, ते चारजण पुन्हा बसले. न्यायाधीश आत येईनात. रिवाज त्यांनाही माहीत होता, आणि हशा ऐकून तर त्यांनी दार आणखी ओढून घेतलं.

जयतीर्थ सर घामाघूम होऊन तिसऱ्या रांगेपाशी आले. वाकून कुजबुजले, "प्रेमानंद, अरे ऊठ की! काय चाललंय?"

प्रेमानंदनं बिल्ला बोटानं सरळ केला. "सर, मी सहभागी आहे. सहभागी हा कर्मचारी असू शकत नाही. निकालात तसं आहे."

"आता नको रे हे. मर्यादे!" मराठी सुटली की सर कन्नडवर जातात. 'मर्यादे' म्हणजे अब्रू; बाबा रे, माझी अब्रू राख.

"सर, लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"आज, दहा डिसेंबरला, मला कामावर बोलावलंय म्हणून. तारीख आणि सही."

सरांनी दाराकडं बघितलं. बूट आता अजिबात हलत नव्हता, आणि ते जास्त भयंकर होतं. त्यांनी कार्यक्रमपत्रिका उलटी केली आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण सही ओळखू येत होती. "घ्या. अहो, उठा आता," ते म्हणाले. प्रेमानंदला त्यांनी 'अहो' म्हटल्याची ही पहिलीच वेळ. त्यानं कागद दोनदा वाचला, घडी करून आतल्या खिशात ठेवला, सूटवरच गाऊन चढवला, आणि असा आवाज टाकला की बाळाप्पा असते तर त्यांनीही मान डोलावली असती.

"ऑल राइज!"

अख्खा हॉल उठला. उत्तरा मॅडमचे डोळे भरून आले आणि त्या खाली वाकून चप्पल नीट करत राहिल्या. त्या वर्षी प्रेमानंदनं सर्टिफिकेट घेतलं नाही.

संध्याकाळी पद्मानं कागद उजेडात धरून वाचला. "याला काच लावायची नाही," तिनं बजावलं, आणि तो रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला. मग बोटं मोजून म्हणाली, "गेलं वर्ष आणि येणारं वर्ष जोडलं. दरवर्षी एक चिठ्ठी मिळाली तर साठाव्या वर्षी दहा पुरी होतात."

"साठाव्या वर्षी रिटायर," प्रेमानंद म्हणाला.

"एक दिवस तरी पर्मनंट म्हणून जाल की!" दोघं हसली. अनेक दिवसांनी तो पोटभर जेवला.

अकरा डिसेंबरला सकाळी तो सुमंतांच्या टेबलापुढं उभा राहिला. त्यांनी नेहमीची ऑर्डर पुढं सरकवली. नवी नेमणूक, आजपासून. प्रेमानंदनं घडी उलगडली. "साहेब, नवी कशी? मी काल कामावर होतो. ही सही बघा." सुमंतांनी सही बघितली, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि कागद घेऊन आत गेले. आत अर्धा तास खलबत चाललं. संस्थेच्या वकिलांना फोन लागला. प्रेमानंद बाहेर स्टुलावर बसून होता. आत एवढी माणसं आपल्यावर बोलतायत, हेच त्याला कितीतरी वाटत होतं.

सुमंत बाहेर आले ते दोन कागद घेऊन. पहिल्यावर 'नवी नेमणूक' खोडून 'सेवा पुढे चालू' लिहिलेलं. प्रेमानंदला भरून आलं. त्यानं त्या तीन शब्दांवरून बोट फिरवलं. दुसरा कागद सुमंतांनी त्याच्या हातात देताना वर बघितलं नाही. "हे तेवढं बोर्डावर लाव."

नोटीस होती. प्रशासकीय सोयीसाठी पुढील वर्षापासून या महाविद्यालयात जागतिक मानवी हक्क दिन अकरा डिसेंबर रोजी साजरा करण्यात येईल. दहा डिसेंबर रोजी महाविद्यालयास सुट्टी राहील.

प्रेमानंदनं ती एकदा वाचली. मग ड्रॉवरमधून चार पिना घेतल्या, बोर्डापाशी गेला, कागद सरळ आहे का ते दोन पावलं मागं येऊन बघितलं आणि चारी कोपरे पक्के केले.

तासाला निघालेल्या उत्तरा मॅडम तिथंच थांबल्या. नोटीस वाचली, पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा लाल झाला. "अण्णा, हे तुम्ही लावलंत? स्वतःच्या हातानं?"

"मग कोण लावणार, मॅडम?" प्रेमानंद म्हणाला. "आज मी नोकरीत आहे की."